अ वर्गाची पाटी आणि उसाचा फड

उसाच्या फडात तास मोजत नाहीत, मोळ्या मोजतात. मला हे ठाऊक होते. पण जानेवारीतल्या एका दुपारी पलूस तालुक्यातल्या एका फडाच्या बांधावर माझ्याबरोबर उभ्या असलेल्या मुलीला ते नवीन होते. ती आमच्या शेजारच्या घरातली. सांगलीत शिकून मुंबईला गेली आणि आता तेथे एका संशोधन संस्थेत पर्यावरण, समाज आणि सुशासन या तीन अंगांनी कंपन्यांचे मूल्यमापन करते. सुट्टीत घरी आली तेव्हा तिनेच फड पाहायचा आग्रह धरला, कारण तिच्या यादीतली एक खाद्यपदार्थ कंपनी आपल्या भागातली साखर विकत घेते. तिच्या तक्त्यात एक रकाना होता : आठवड्याचे कामाचे तास. तो प्रश्न तिने मोळी बांधणाऱ्या एका बाईंना विचारला. बाईंनी मान वर न करता सांगितले, "पहाटं चारला आलोय. गाडी भरली की सुटलो." आणि गाडी कधी भरते? "आधी याया तर पाहिजे." पलीकडे वाढ्यांच्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या आणि त्यांच्या सावलीत एक मूल झोपले होते. त्या मुलासाठी तक्त्यात रकाना नव्हता. तासांचा रकानाही रिकामाच राहिला.

सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मी तीस वर्षे काढली. त्यामुळे रिकाम्या रकान्यांचे मला फारसे आश्चर्य वाटत नाही. ते भरले कसे जातात, हेही मी पाहिले आहे. शाश्वत आणि जबाबदार गुंतवणुकीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या या नव्या व्यावसायिकांविषयी आपल्याकडे एक तर कौतुकाने बोलले जाते किंवा हे मुंबईकरांचे फॅड आहे म्हणून हात झटकले जातात. माझे म्हणणे या दोहोंपेक्षा वेगळे आहे. हा व्यवसाय आवश्यक आहे, पण आज त्याची जी रचना आहे ती सांगली-साताऱ्यासारख्या जिल्ह्यांच्या वेशीवर येऊन थांबते, आणि जेथे तो थांबतो तेथूनच आपला पैसा, आपले पाणी आणि आपली माणसे सुरू होतात. सहकारी संस्थांच्या ठेवी आणि कर्जे यांच्यापर्यंत हा व्यवसाय पोहोचला नाही, आणि तपासणाऱ्याचा पगार तपासल्या जाणाऱ्याच्या खिशातून जाणे थांबले नाही, तर आपल्या दृष्टीने त्याचा उपयोग अहवालाच्या गुळगुळीत कागदापुरताच राहील.

या व्यवसायाचे वय फारसे नाही. पर्यावरण, समाज आणि सुशासन यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचे 'ईएसजी' हे अक्षरत्रय २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने निघालेल्या एका अहवालातून रूढ झाले. २००६ मध्ये जबाबदार गुंतवणुकीची तत्त्वे न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात जाहीर झाली. आपल्याकडे शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या 'सेबी'ने २०२१ मध्ये व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवालाचा नमुना आणला आणि २०२२-२३ पासून शेअर बाजारात नोंदणीकृत असलेल्या, बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांना तो सक्तीचा केला. जुलै २०२३ मध्ये त्यातल्या निवडक आकड्यांची त्रयस्थ तपासनीसाकडून खातरजमा करून घेण्याचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम आला. सुरुवात पहिल्या १५० कंपन्यांपासून झाली. मानांकन देणाऱ्या संस्थांनाही सेबीकडे नोंदणी करणे त्याच वर्षी बंधनकारक झाले. या सगळ्यातून नोकऱ्या निर्माण झाल्या. आमच्या शेजारची मुलगी त्यांपैकीच एका नोकरीत आहे, आणि ती मन लावून काम करते हे मी जवळून पाहिले आहे.

मात्र या रचनेचा पाया 'नोंदणीकृत कंपनी' हा आहे. आपल्याकडचे बरेच साखर कारखाने सहकारी आहेत. त्यांचे भाग शेअर बाजारात विकले जात नाहीत, ते सभासदाच्या नावावर असतात आणि बापाकडून मुलाकडे जातात. जिल्हा मध्यवर्ती बँक, नागरी बँका, पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संघ, सूतगिरण्या यांपैकी एकाही संस्थेला सेबीचा तो नमुना लागू नाही. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ पासून हरित ठेवींची चौकट लागू केली ती व्यापारी बँका, लघुवित्त बँका आणि ठेवी घेणाऱ्या वित्तीय कंपन्यांसाठी. सहकारी बँका तिच्या बाहेर राहिल्या. हवामानाशी निगडित आर्थिक जोखीम उघड करण्याविषयीचा तिचा फेब्रुवारी २०२४ चा मसुदा नागरी सहकारी बँकांपैकी फक्त चौथ्या स्तराला, म्हणजे १०,००० कोटी रुपयांहून अधिक ठेवी असणाऱ्या बँकांना उद्देशून आहे. अशा बँका साऱ्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. थोडक्यात, ज्या बँकेत वाळव्याचा ऊस उत्पादक किंवा कोरेगावचा निवृत्त शिक्षक पैसे ठेवतो, त्या बँकेला तुमचा पैसा कोणत्या कामाला लागला आणि त्या कामाने नदीचे काय केले, हे विचारणारे आज कोणीही नाही.

यावर असे उत्तर दिले जाते की मोठ्या कंपन्यांना लागू केलेला नियम त्यांच्या पुरवठादारांमार्फत खालपर्यंत झिरपेल. ऐकायला हे बरे वाटते. सेबीने मूल्यसाखळीची माहिती मागवण्याची कल्पना पुढे आणली तेव्हा मलाही आशा वाटली होती. पण आधी या तरतुदीत पुरवठादाराकडून होणारी खरेदी एकूण खरेदीच्या २ टक्के किंवा अधिक असेल तरच, अशी मर्यादा आली, आणि मार्च २०२५ मध्ये ती माहिती देणेच ऐच्छिक झाले. शिवाय ती सक्तीची राहिली असती तरी कारखान्याच्या पुढे कोण गेले असते? ऊसतोड कामगार कारखान्याचा नोकर नसतो. तो मुकादमाचा असतो. मुकादमाने त्याला पावसाळ्यात उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलेली असते आणि नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. मजुरी टनावर ठरते आणि ती उचलीतून वळती होते. या साखळीत बाईचे नाव कोठेही स्वतंत्रपणे लिहिले जात नाही. राज्य सरकारने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पुढे २०२४ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राने या विषयाचा संबंध जगप्रसिद्ध शीतपेय कंपन्यांच्या साखरेशी जोडून दाखवला, तेव्हा कोठे गुंतवणूकदारांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे या बाया आपल्या डोळ्यांदेखत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कृष्णाकाठी येतात, पाचटाच्या कोप्यांत राहतात आणि उन्हाळ्यात परत जातात. हे समजायला आपल्याला न्यूयॉर्कच्या वार्ताहराची गरज का पडावी?

आता तपासणाऱ्याविषयी. माझी आई प्राथमिक शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर मिळालेल्या रकमेतला मोठा हिस्सा तिने घराजवळच्या एका पतसंस्थेत ठेवला. मी बँकेत नोकरीला असूनही तिला अडवले नाही, याचे कारण त्या पतसंस्थेच्या दारातच पितळी अक्षरांत पाटी होती : लेखापरीक्षण वर्ग 'अ'. अडीच वर्षांनी पैसे काढण्यावर मर्यादा आली. मग नुसत्या तारखा मिळू लागल्या आणि पुढे कित्येक वर्षे हजार-दोन हजारांच्या तुकड्यांत ते पैसे परत येत राहिले, तेही पूर्ण आले नाहीत. आई दर सोमवारी पासबुक घेऊन जायची आणि रांगेत उभी राहायची. आधीच्या सगळ्या वर्षांच्या अहवालांत मला त्या संस्थेचा वर्ग 'अ' असाच सापडला. पाटीही शेवटपर्यंत कोणी काढली नाही. उत्तम चालणाऱ्या पतसंस्था आपल्याकडे आहेत आणि त्यांच्यावर यामुळे शिंतोडे उडू नयेत. पण या प्रसंगातून मला जे कळले ते असे की वर्ग देणाऱ्याचा पगार वर्ग घेणारा देत असेल, तर पाटीवरचे अक्षर हे मूल्यमापन नसते, तो एक शिष्टाचार असतो. २०१३ च्या कायदा दुरुस्तीनंतर सहकारी संस्थेची सर्वसाधारण सभा शासनमान्य यादीतून आपला लेखापरीक्षक निवडते. कागदावर हा सभासदांचा अधिकार आहे. प्रत्यक्षात व्यासपीठावरून नाव वाचले जाते आणि सभागृहातून 'मंजूर, मंजूर' असा आवाज येतो.

ईएसजी मानांकनाचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. सेबीने मानांकन संस्थांना दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या आहेत : मानांकन वापरणाऱ्या गुंतवणूकदाराकडून पैसे घ्या, किंवा मानांकन करवून घेणाऱ्या कंपनीकडून घ्या. दुसरी वाट सोपी आहे, आणि सोप्या वाटेने कोण कोठे पोहोचतो हे आपण पतमानांकनाच्या, म्हणजे कर्जफेडीच्या क्षमतेला दर्जा देण्याच्या, इतिहासात पाहिले आहे. शिवाय या क्षेत्रात काय मोजायचे यावरच एकमत नाही. सहा मानांकन संस्थांच्या निष्कर्षांची तुलना करणाऱ्या एका गाजलेल्या अभ्यासात त्यांच्यातला सहसंबंध (पूर्ण एकमत असेल तर तो १ असतो) सरासरी ०.५४ इतकाच निघाला. पतमानांकनात तो ०.९० च्या वर असतो. म्हणजे एकीच्या लेखी जी कंपनी सज्जन, ती दुसरीच्या लेखी जेमतेम काठावर पास. जर्मनीतल्या डीडब्ल्यूएस या बड्या मालमत्ता व्यवस्थापन कंपनीत शाश्वतता विभागाच्या प्रमुख असलेल्या बाईंनीच २०२१ मध्ये तिचे दावे फुगवलेले असल्याचे उघड केले. २०२३ मध्ये अमेरिकेच्या नियामकाने तिला १.९ कोटी डॉलरचा दंड केला. या प्रकरणात मला महत्त्वाची वाटते ती व्यावसायिक म्हणून त्या बाईंनी घेतलेली भूमिका, आणि त्यासाठी त्यांना मोजावी लागलेली नोकरीची किंमत. अशी किंमत मोजावी लागू नये अशी रचना करणे हे नियामकाचे काम आहे.

सांगलीत बसून मला या व्यवसायाची गरज सर्वांत जास्त कोठे जाणवते, असे विचाराल तर मी हरिपूरचे नाव घेईन. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे हे गाव हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध होते. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले, तोंडाशी अरुंद आणि आत रांजणासारखे फुगत गेलेले कोठार. आत हळद भरायची आणि तोंड बंद करायचे. मग वर्षानुवर्षे तिला कीड लागत नसे आणि रंगही टिकत असे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले त्यामागेही साठवणुकीच्या या पद्धतीचा वाटा आहे. हरिपूरची ती माती पेवांसाठी योग्य आहे, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान होते आणि व्यापारी, अडते, सावकार, बँका या सर्वांचा व्यवहार त्या ज्ञानावर उभा होता. २००५ च्या महापुराने पेवांत पाणी शिरले. हळद गेली आणि पेवेही बहुतेक निकामी झाली. व्यापार गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळला. त्यानंतर ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळचे पाणी ५७ फुटांवर गेले, जेथे धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा पूर आला.

कर्ज विभागात आम्ही मालतारणाचे प्रस्ताव तपासत असू तेव्हा गोदामाची किल्ली, विमा, साठ्याचा ताळमेळ, बाजारभाव आणि त्यावरचा दुरावा, म्हणजे किमतीतला कर्जात न धरलेला हिस्सा, हे सगळे पाहत असू. हे गोदाम पूररेषेच्या आत आहे की बाहेर, हा प्रश्न आमच्या प्रस्तावाच्या नमुन्यात नव्हता. माझ्या सहीने गेलेल्या प्रस्तावांतही तो नव्हता. तेव्हा हा दोष दुसऱ्या कोणाच्या माथी मारण्याचा मला अधिकार नाही. जबाबदार गुंतवणूक म्हणजे नफा सोडून देणे, असे जे समजतात त्यांना मी हे उदाहरण देतो. पूररेषा विचारणे हा परोपकार नाही. ठेवीदाराचा पैसा पाण्यात जाऊ नये, इतकाच त्याचा अर्थ आहे, आणि सांगलीत हा वाक्प्रचार अक्षरशः खरा ठरलेला आहे.

साताऱ्याकडे वळले की प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या गेल्या शतकाच्या अखेरीपासून. ही गुंतवणूक हरित होती यात शंका नाही. पण ती आली कशी? त्या काळी पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळत असे, म्हणजे ती सारी किंमत करपात्र उत्पन्नातून वजा करता येत असे. २००२ मध्ये ते प्रमाण ८० टक्क्यांवर आले. म्हणजे प्रोत्साहन चक्की उभी करण्याला होते, तिने किती युनिट वीज दिली याला नव्हते. वीजनिर्मितीवर आधारलेले प्रोत्साहन केंद्र सरकारने २००९ मध्ये आणले. तोवर कित्येकांच्या दृष्टीने पठारावरची चक्की हे करबचतीचे साधन होते आणि वारा हा त्यातला एक तपशील होता. आज अहवालाला बक्षीस मिळते आणि कामाला मिळत नाही, तेव्हा मला ती पठारे आठवतात.

त्याच चाळकेवाडीच्या पठारावर संशोधकांनी केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण चक्क्या नसलेल्या भागापेक्षा जवळजवळ चौपटीने कमी आढळले. परिणामी त्यांचे भक्ष्य असलेले सरडे वाढले, त्यांची भीती कमी झाली आणि नरांच्या गळ्याशी उघडणारा रंगीत पंखा फिका पडला. (या सरड्याच्या वंशाला शास्त्रज्ञांनी 'सरडा' हेच नाव दिले आहे, आपल्या मराठी शब्दावरून. आपला शब्द जागतिक प्राणिशास्त्रात गेला आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही.) यावरून पवनचक्क्या नकोत असे मला म्हणायचे नाही, कोळशापेक्षा वारा केव्हाही चांगला. मुद्दा असा की कर्बाच्या एका आकड्यावर हिरवा शिक्का मारणाऱ्या विश्लेषकाला घार आणि सरडा दिसत नाहीत. ते दिसण्यासाठी पठार चढावे लागते आणि जीवशास्त्र जाणणाऱ्या माणसाला बरोबर न्यावे लागते. ताळेबंद वाचता येणारे आणि ओढा वाचता येणारे लोक एका टेबलाशी बसत नाहीत तोवर हा व्यवसाय अर्धाच राहणार.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. आमच्या संचालक मित्रांचे म्हणणे असे की या साऱ्या अटी युरोपातून येतात, त्यांचा खर्च मात्र येथल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर बसतो, आणि सहकारी संस्थांना आधीच एवढे नमुने भरावे लागतात की त्यात आणखी एकाची भर म्हणजे एका कारकुनाचा पगार. अमेरिकेतल्या मोठ्या बँका २०२४-२५ च्या हिवाळ्यात कर्ब उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्यासाठीच्या आघाडीतून एकामागून एक बाहेर पडल्या, मग आपणच कशाला ओझे उचलायचे, असेही ते विचारतात. या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही. आपल्या नदीला पूर येतो तो अमेरिकी बँकांना विचारून येत नाही. खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि त्याचे उत्तर तासगावच्या द्राक्षबागायतदारांकडे आहे.

युरोपला जाणाऱ्या द्राक्षांत कीडनाशकांचे अंश किती असावेत याची मर्यादा तिकडच्या कायद्याने ठरते. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या 'ग्रेपनेट' या व्यवस्थेत प्रत्येक निर्यातक्षम बागेची नोंदणी होते, फवारणीची वही ठेवावी लागते, बागेतून नमुना घेऊन प्रयोगशाळेत तपासला जातो आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत मागोवा घेता येतो. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचे अंश सापडले आणि भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. त्याची झळ बागायतदारांना जबर बसली, आणि ती अन्यायाचीही होती, कारण बागायतदार जे वर्षानुवर्षे वापरत होता ते तपासणीच्या यादीत आहे की नाही हे त्याला वेळेवर कोणी सांगितले नव्हते. पण त्यानंतर काय झाले ते पाहण्यासारखे आहे. आज तासगाव किंवा पलूसमधला साधा बागायतदार फवारणी आणि काढणी यांमध्ये किती दिवसांचे अंतर हवे हे तोंडपाठ सांगतो. कोणत्या औषधाचा अंश किती पीपीएम चालतो याची चर्चा चहाच्या टपरीवर होते. ज्याला इंग्रजी अहवालांत पारदर्शकता आणि मागोवा म्हणतात, त्याचे शिक्षण आपल्या शेतकऱ्याने कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय घेतले. हे घडले याची कारणे तीन : नियम स्पष्ट आकड्यात होता, तपासणी हाताशी होती, आणि पास झालेल्या मालाला भाव जास्त मिळत होता. ऊस, साखर आणि हळद यांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टींची वानवा आहे. जो कारखाना तोडकऱ्यांसाठी पिण्याच्या पाण्याची आणि शौचालयांची सोय करतो त्याच्या साखरेला एक रुपयाही जास्त मिळत नाही, आणि जो करत नाही त्याला कर्जही त्याच दराने मिळते.

हा कर्जाचा दर हीच माझ्या मते हात घालण्याची जागा आहे. साखर कारखाना दर हंगामात बँकेकडून साखर तारणावर पैसा उचलतो. पोत्याच्या मूल्यांकनातून दुरावा वजा करून रक्कम दिली जाते आणि त्यातूनच शेतकऱ्याची पहिली उचल, म्हणजे उसाच्या बिलाचा पहिला हप्ता, भागते. ही बँक आपली, तिच्या ठेवी आपल्या. तिने प्रस्तावात चार प्रश्न वाढवावेत : हंगामात किती कोयते आले आणि त्यांतल्या बायांची नावे नोंदवहीत आहेत का, कोप्यांपाशी पाणी आणि शौचालय आहे का, मळीचे आणि आसवनीचे (डिस्टिलरीचे) सांडपाणी कोठे जाते, आणि गोदाम पूररेषेच्या कोणत्या बाजूला आहे. उत्तरे समाधानकारक असतील तर व्याजात पाव टक्का सूट द्यावी. जगात शाश्वततेच्या उद्दिष्टांशी दर जोडलेली कर्जे बरीच वर्षे दिली जात आहेत. त्यासाठी शेअर बाजारातल्या नोंदणीची अट लागत नाही. आणि उत्तरे तपासणारा माणूस कारखान्याने नेमू नये, कर्ज देणाऱ्या बँकेच्या शाखेनेही नेमू नये. जिल्ह्यातल्या बँकांनी मिळून एक सामाईक निधी उभा करावा आणि त्यातून त्याचा पगार व्हावा. रयत शिक्षण संस्थेच्या किंवा इतर संस्थांच्या महाविद्यालयांतून वाणिज्य, कृषी आणि समाजकार्य शिकलेली मुले या कामासाठी मुंबईहून आणावी लागणार नाहीत. कोप्यांवर जाऊन बाईशी बोलता येणे ही या पदाची पहिली पात्रता असावी, आणि म्हणून निम्म्याहून अधिक तपासनीस मुली असाव्यात.

हे स्वप्नरंजन आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी आपल्याच दोन जिल्ह्यांत काय घडले आहे ते पाहावे. म्हसवडला १९९७ मध्ये चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने महिलांची माणदेशी बँक उभी राहिली. त्याआधीचा परवान्याचा अर्ज सभासद बाया निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने फेटाळला होता. बाया परत गेल्या, अक्षरे गिरवली आणि पुन्हा जाऊन अधिकाऱ्यांना म्हणाल्या की आम्हाला व्याज काढायला सांगा, आम्ही तुमच्या माणसाआधी काढून दाखवतो. माण तालुक्यातल्या दुष्काळी गावांत कोणाला किती कर्ज झेपेल, शेळी घ्यायला की शिलाई मशिनला, हे ओळखण्याची जी दृष्टी त्या बँकेने जोपासली, तिला जबाबदार गुंतवणूक हे नाव नंतर आले. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण उभे राहिले ते ऐंशीच्या दशकातल्या मुक्ती संघर्ष चळवळीतून. नदीतली वाळू ठेकेदाराने बेसुमार उपसण्याऐवजी तिच्या मर्यादित विक्रीतून लोकांनी भांडवलाचा एक भाग उभा केला, आणि पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता माणसावर ठरवला, म्हणजे भूमिहीनालाही तो मिळाला. गुंतवणूक कोणी केली, कशातून केली, लाभ कोणाला आणि कोणते पीक घ्यायचे, या चारही प्रश्नांची उत्तरे त्या गावकऱ्यांनी आधी ठरवली आणि मग भिंत बांधली. यातला एकही प्रश्न आजच्या शाश्वतता अहवालाच्या नमुन्यात या क्रमाने येत नाही.

शेजारची मुलगी मुंबईला परत गेल्यावर तिचा फोन आला. तासांच्या रकान्यात तिने 'लागू नाही' असे लिहायला नकार दिला होता आणि टिपणाच्या जागेत दिवसाच्या मोळ्या, गाडीची वाट पाहण्याचा वेळ आणि फडातल्या मुलांची संख्या लिहिली होती. संगणकाने ते टिपण स्वीकारले, पण गुण त्यावरून ठरत नाहीत. मी तिला म्हटले, आमच्या बँकेची सर्वसाधारण सभा सप्टेंबरात असते. सभासद म्हणून मला लेखी प्रश्न आठ दिवस आधी द्यावा लागतो, आणि तो कसा मांडायचा हे तू लिहून दे. तिने चार प्रश्नांचे एक पान पाठवले आहे. त्यात पहिला प्रश्न नोंदवहीतल्या बायांच्या नावांचा आहे. मी तो मराठीत नीट उतरवून घेतला आहे आणि सूचक म्हणून सही केली आहे. अनुमोदकाची जागा अजून मोकळी आहे. आमच्या गल्लीतल्या तिघांनी संचालकांशी संबंध बिघडतील म्हणून नकार दिला. चौथे निवृत्त मुख्याध्यापक आहेत. माझ्या आईची ठेव होती त्याच पतसंस्थेत त्यांचीही ठेव बुडाली होती. त्यांच्याकडे रविवारी जायचे आहे.